हेज फंड आणि पर्यायी गुंतवणूक : कुंपण शेत राखतं तेव्हा आणि कुंपणच शेत खातं तेव्हा

माबेलात असा, अल खूदला असा, रुवीत असा की पार सोहार-सलालाला, आजचा विषय तुमच्या घरात कधी ना कधी निघालेला असणार. आपल्या बहुतेक घरांचं गुंतवणुकीचं गणित ठरलेलं असतं. एनआरई खात्यात मुदत ठेव, पुण्याला नाहीतर नाशिकला एक फ्लॅट, थोडं सोनं, महिन्याला एखादी एसआयपी. एवढं जमलं की मग बँकेतून फोन येतो, "सर, आता तुम्ही एआयएफ बघा, हेज फंडाची स्ट्रॅटेजी आहे, बाजार पडला तरी चालतं." फोनवरचा माणूस भराभर बोलतो, आपण हो-हो म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की यातलं निम्मंही कळलं नाही.

आज ते निम्मं समजून घेऊ. हा सल्ला नाही, ओळख आहे. उद्या फोन आला तर प्रश्न तुम्ही विचारावेत आणि उत्तर त्यानं द्यावं, एवढाच हेतू.

पर्यायी म्हणजे कशाला पर्याय?

शेअर, रोखे, बँकेतली ठेव आणि रोकड ही झाली पारंपरिक गुंतवणूक. यांच्याबाहेरचं सगळं पर्यायी या एका पोत्यात टाकतात: जमीनजुमला, सोनं, शेतमाल आणि धातू, शेअर बाजारात न आलेल्या कंपन्यांतला हिस्सा, खासगी कंपन्यांना दिलेली कर्जं, रस्ते आणि वीजवाहिन्यांसारखे प्रकल्प, आणि हेज फंड.

गंमत अशी की आपल्या आजी-आजोबांसाठी पर्यायी तेच मुख्य होतं. सोनं, शेत, गुरं आणि भिशी. शेअर बाजार म्हणजे मुंबईतल्या लोकांचा उद्योग. तेव्हा "पर्यायी" या शब्दाला दबकून जायचं कारण नाही.

लोक याकडे वळतात त्याचं मुख्य कारण एक. शेअर बाजार कोसळला की जवळजवळ सगळे शेअर एकत्र कोसळतात. त्याच वेळी वेगळ्या चालीनं चालणारं काहीतरी घरात असलं, तर धक्का कमी बसतो. त्याची किंमत दोन गोष्टींत मोजावी लागते. पैसे हवे तेव्हा मोकळे होत नाहीत, आणि आज आपल्या गुंतवणुकीची खरी किंमत किती हे रोज कळत नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कुंपण कशासाठी?

हेज म्हणजे कुंपण. सांगलीचा एक हळद व्यापारी घ्या. उदाहरण काल्पनिक आहे, आकडेही सोयीचे घेतले आहेत. त्याच्या गोदामात १०० क्विंटल हळद आहे, भाव क्विंटलला १४,००० रुपये. तीन महिन्यांनी भाव पडेल अशी त्याला भीती आहे. म्हणून तो वायदेबाजारात आजच्याच भावानं तेवढ्याच हळदीचा सौदा विकून ठेवतो. भाव १२,००० झाला, तर गोदामातल्या मालावर २ लाखांचा तोटा आणि वायद्यावर २ लाखांचा नफा. हिशेब सारखा. भाव १६,००० झाला, तर मालावर २ लाख मिळाले आणि वायद्यावर तेवढेच गेले. म्हणजे तोटा टाळायचा तर जादा नफ्यावर पाणी सोडावं लागतं. कुंपण फुकट मिळत नाही.

हेच आपल्या दाराशीही चालतं. ओमानच्या कच्च्या तेलाचा वायदा २००७ पासून दुबईच्या बाजारात होतो. तेल विकणारे, शुद्धीकरण कारखाने आणि व्यापारी तिथे आपल्या भावाला असंच कुंपण घालतात.

शेअरच्या बाबतीत ही कल्पना पहिल्यांदा फंड म्हणून चालवली ती आल्फ्रेड विन्स्लो जोन्स या गृहस्थांनी. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण समाजशास्त्राचं, वय पन्नाशीला आलेलं. १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी १ लाख डॉलरवर सुरुवात केली, त्यातले ४० हजार स्वतःचे होते. त्यांचा विचार साधा होता. चांगले वाटणारे शेअर विकत घ्यायचे आणि कमकुवत वाटणारे उसने घेऊन आधी विकायचे, स्वस्त झाल्यावर परत घ्यायचे. आपल्या दलाल स्ट्रीटच्या भाषेत, एकाच माणसानं एकाच वेळी तेजीवालाही व्हायचं आणि मंदीवालाही. नफा झाला तर त्याचा पाचवा हिस्सा चालवणाऱ्याचा. आजच्या हेज फंडांचा सांगाडा तोच आहे.

पाच मुख्य पद्धती

हेज फंड म्हणजे एकच एक चाल नव्हे. नावं पुष्कळ आहेत, पण पाच समजल्या की बाकीच्या ओळखता येतात.

पहिली, लाँग-शॉर्ट. म्हणजे जोन्स यांचीच. समजा, अ बँकेचे १०० रुपयांचे शेअर घेतले आणि ब बँकेचे १०० रुपयांचे आधी विकले. बाजार पडला, अ ८ टक्के पडली, ब १५ टक्के पडली. अ वर ८ रुपये गेले, ब वर १५ आले, हातात ७ रुपये. बाजार चढला, अ १० टक्के चढली, ब ६ टक्के. हातात ४ रुपये. दोन्हीकडे फायदा! पण अंदाज चुकला, अ १० टक्के पडली आणि ब ५ टक्के चढली, तर १५ रुपये खिशातून. बाजाराचा धोका कमी झाला, माणसाच्या अंदाजाचा धोका तसाच राहिला.

दुसरी, मार्केट न्यूट्रल. इथे दोन्ही बाजू इतक्या काटेकोर तोलतात की बाजार कुठेही गेला तरी फरक पडू नये. नफा लहान असतो, म्हणून तो मोठा करायला उसने पैसे घ्यायचा मोह होतो.

तिसरी, आर्बिट्राज. एकच वस्तू दोन ठिकाणी दोन भावांना मिळत असेल तर इथे घ्यायची, तिथे विकायची. विलीनीकरणातही हे चालतं. एप्रिल २०२२ मध्ये एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक यांचं विलीनीकरण जाहीर झालं. एचडीएफसीच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर मिळणार होते, म्हणजे एकामागे १.६८. समजा, बँकेचा शेअर १,५०० रुपयांना आहे, तर या हिशेबानं एचडीएफसीचा शेअर २,५२० ला हवा. तो २,४५० ला मिळत असेल, तर मधले ७० रुपये हा धीर धरण्याचा आणि "विलीनीकरण फिसकटलं तर?" या धोक्याचा मोबदला. ते विलीनीकरण १ जुलै २०२३ ला पूर्ण झालं. सगळीच होत नाहीत.

चौथी, ग्लोबल मॅक्रो. देशांची चलनं, व्याजदर, तेल यांवर मोठे डाव. १९९२ च्या सप्टेंबरात जॉर्ज सोरोस यांच्या फंडानं ब्रिटिश पौंड घसरेल यावर डाव लावला. पौंड घसरला आणि ते जगप्रसिद्ध झाले. अशाच डावांत हरलेल्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

पाचवी, संकटातल्या कंपन्या. दिवाळखोरीच्या दारात उभ्या असलेल्या कंपनीची कर्जं मातीमोल भावानं घ्यायची आणि वसुलीची वाट बघायची. इथे शेअर बाजारापेक्षा कोर्टाच्या तारखांचं ज्ञान जास्त लागतं.

भारतात हे कुठे बसतं?

सेबीनं २०१२ मध्ये पर्यायी गुंतवणूक निधींचे, म्हणजे एआयएफचे, नियम आणले. त्यात तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात नवउद्योग, लघुउद्योग, सामाजिक उपक्रम, पायाभूत सुविधा. दुसऱ्यात खासगी कंपन्यांतला हिस्सा आणि कर्ज देणारे निधी. तिसऱ्या वर्गात हेज फंडासारख्या चाली. उसनवारी आणि वायद्यांचा असा वापर या तिसऱ्या वर्गालाच मोकळा आहे, आणि तिथेही एकूण डाव निधीच्या मालमत्तेच्या दुपटीच्या आत ठेवावा लागतो.

सर्वसाधारण गुंतवणूकदाराला एआयएफमध्ये किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. पहिला आणि दुसरा वर्ग मुदतबंद असतो, कमीत कमी तीन वर्षांसाठी. प्रत्यक्षात मुदत बरीच लांबते. अनिवासी भारतीयांना यात पैसे घालता येतात. निधी चालवणाऱ्यालाही स्वतःचे पैसे घालावे लागतात: तिसऱ्या वर्गात निधीच्या ५ टक्के किंवा १० कोटी, यांतली कमी असेल ती रक्कम. जोन्स यांच्या ४० हजार डॉलरची आठवण ठेवूनच केल्यासारखा हा नियम आहे.

एक नियम मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. एआयएफला लोकांमध्ये जाहिरात करून पैसे गोळा करता येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या गटावर "हेज फंडात ५०,००० रुपयांपासून सुरुवात करा" असा संदेश आला, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

१ कोटीच्या खालीही दारं आहेत. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवेला किमान ५० लाख लागतात. एप्रिल २०२५ पासून सेबीनं स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड हा नवा प्रकार आणला आहे. म्युच्युअल फंड कंपन्याच तो चालवतात, किमान रक्कम १० लाख, आणि त्यात मर्यादित प्रमाणात आधी विकून मग घेण्याची चाल खेळता येते.

त्याहून सोपी वाट म्हणजे रीट. ऐरोलीच्या किंवा येरवड्याच्या मोठ्या ऑफिस संकुलात तुमचा भाचा नोकरी करत असेल, तर त्याच इमारतीच्या भाड्यात तुमचाही वाटा असू शकतो. माइंडस्पेस रीट ऑगस्ट २०२० पासून बाजारात आहे आणि त्याच्या इमारती मुंबई परिसर, पुणे, हैदराबाद आणि चेन्नईत आहेत. वाटण्याजोग्या रोख उत्पन्नापैकी किमान ९० टक्के रीटला युनिटधारकांना द्यावेच लागतात, आणि युनिट शेअरसारखं बाजारात विकता येतं. भाव खालीवर होतो, पण "गिऱ्हाईक मिळेना" म्हणून दोन-दोन वर्षं अडकलेल्या फ्लॅटशी तुलना करून बघा.

कुंपण शेत कसं खातं?

आता तीन गोष्टी, तिन्ही खऱ्या.

पहिली उसनवारीची. १९९४ मध्ये अमेरिकेत लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा हेज फंड सुरू झाला. भागीदारांमध्ये रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, ज्यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फंड बारीक बारीक फरकांवर डाव लावायचा आणि स्वतःच्या एका डॉलरमागे पंचवीसहून जास्त डॉलर उसने घ्यायचा. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियानं कर्जफेड थांबवली. जे फरक कमी व्हायचे होते ते वाढत गेले. २५ पट उसनवारीत ४ टक्के चूक म्हणजे सगळं भांडवल साफ. सप्टेंबरात १४ बँका आणि वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो फंड सावरला, तो जगाचं नुकसान होऊ नये म्हणून. हुशारी कमी पडली नव्हती. उसने पैसे वाट बघत नाहीत, हा धडा.

दुसरी पैसे अडकण्याची. २३ एप्रिल २०२०, कोविडची टाळेबंदी. फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडानं भारतातल्या आपल्या सहा कर्ज योजना एका रात्रीत बंद केल्या. कमी दर्जाचे, सहज न विकले जाणारे रोखे आत होते आणि लोक पैसे काढत होते. पुढे टप्प्याटप्प्यानं लोकांना पैसे परत मिळाले. पण ज्याला त्याच मे महिन्यात दवाखान्याचं बिल भरायचं होतं, त्याला "पुढे मिळतील" याचा काय उपयोग? आणि हा तर साधा म्युच्युअल फंड होता. तीन-पाच वर्षं मुदतबंद असलेल्या निधीत पैसे मागायची सोयच नसते.

तिसरी निव्वळ फसवणुकीची. न्यूयॉर्कचे बर्नार्ड मॅडॉफ वर्षानुवर्षं दर महिन्याला गुळगुळीत नफा दाखवत. डिसेंबर २००८ मध्ये उघड झालं की नव्या लोकांचे पैसे जुन्यांना दिले जात होते. आणि लांब कशाला, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानासमोर गर्दी जमली. खडे विकत घ्या, दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी ती योजना होती. परतावा थांबला, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अडकलेल्यांत भाजी विकणारे होते आणि नोकरदारही. मॅडॉफकडे श्रीमंत गेले आणि टोरेसकडे सामान्य, पण दोन्हीकडे आमिष एकच होतं: चढउताराशिवाय मिळणारा नफा. खऱ्या हेज फंडालाही तोट्याचे महिने असतात. ज्याला कधीच नसतात, त्याच्यापासून लांब राहा.

फीचा हिशेब

हेज फंडांची रूढ फी "दोन आणि वीस" म्हणून ओळखली जाते. मालमत्तेवर वर्षाला २ टक्के आणि नफ्याच्या २० टक्के. १ कोटी घातले, वर्षात १५ टक्के नफा झाला, म्हणजे १५ लाख. त्यातून २ लाख व्यवस्थापनाचे. उरलेल्या १३ लाखांतले २० टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार, नफ्यातला वाटा. एकूण फी ४ लाख ६० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ८३ हजार. तुमच्या हाती साधारण ९ लाख ५७ हजार, आणि त्यानंतर कर. म्हणजे १५ चे साडेनऊ झाले. तोटा झाला तर २० टक्क्यांत तो वाटेकरी होत नाही, आणि २ टक्के तरीही कापले जातात.

म्हणून दोन गोष्टी करारात बघा. हर्डल रेट, म्हणजे ठरावीक परताव्याच्या वर गेल्यावरच नफ्यातला वाटा. आणि हाय वॉटर मार्क, म्हणजे आधीचा तोटा भरून निघाल्याशिवाय वाटा नाही.

फी किती खाते याचा जाहीर सामना झालेला आहे. वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी पैज लावली होती. एकीकडे साधा निर्देशांक फंड, दुसरीकडे हेज फंडांत पैसे लावणारे पाच निवडक फंड. निर्देशांक फंड सुमारे १२६ टक्के वाढला. पाचांतला सर्वांत चांगला सुमारे ८८ टक्के.

आपल्या घरासाठी

आता आपलं. आखातात राहणाऱ्या घराचं वेगळेपण असं की इथे नोकरी आणि मुक्काम एकाच दोरीला बांधलेले असतात. नोकरी गेली की व्हिसा गेला, मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावर सुटली, सामान बांधायचं. इथलं सरकार आपल्याला पेन्शन देणार नाही. त्यामुळे आपला सर्वांत मोठा धोका शेअर बाजार पडण्याचा नसून, पैसे लागतील त्या महिन्यात ते मोकळे नसण्याचा आहे. फ्लॅटमध्ये अडकलेले पैसे आहेतच. त्यात आणखी पाच वर्षांची मुदत जोडण्याआधी वर्षभराचा घरखर्च, परतीचा खर्च आणि शाळेची फी बाजूला आहे का, हे पाहा.

दुसरी गोष्ट चलनाची. ओमानी रियाल १९८६ पासून डॉलरला एकाच दरानं बांधलेला आहे, एका रियालला सुमारे २.६० डॉलर. २०११ च्या मध्याला एका रियालला १२० च्या आत रुपये मिळत. २०२५ मध्ये ते २२० च्या वर गेले. रुपयातली मालमत्ता दुप्पट झाली असेल, तरी रियालमध्ये ती जेमतेम जागेवर आहे. तुम्ही साताऱ्याला परतणार असाल तर याची फार चिंता नको, खर्च रुपयातच होणार. पण मुलीला शिकायला परदेशी पाठवायचं असेल, तर फी डॉलरमध्ये येईल. आपली पुढची देणी कोणत्या चलनात आहेत, हे आधी ठरवा. हेजिंगचा तो पहिला पाठ आहे, आणि त्याला कोणताही फंड लागत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची, कारण पर्यायी गुंतवणूक म्हणून आपल्याला सर्वांत जास्त विकली जाते ती हीच. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं मिळू शकते. "कोकणात एनए होणारच आहे, आत्ता टोकन द्या," असं कुणी म्हणालं तर आधी बिगरशेतीचा आदेश आणि सातबारा बघा, टोकनचं नंतर.

चौथी कराची. ओमानमध्ये पगारावर आयकर नाही, म्हणून भारतातल्या नफ्यावरही नाही, असा समज करून घेऊ नका. भारतातल्या उत्पन्नावर भारताचे नियम लागतात, आणि तिसऱ्या वर्गाच्या एआयएफमध्ये कर बहुतेक निधीच्याच पातळीवर कापला जातो. ओमानमध्येही २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के कर येतो आहे. सही करण्याआधी सीएला विचारा, विकणाऱ्याला नको.

आता फोन आला की विचारायचे प्रश्न. एक, सेबीचा नोंदणी क्रमांक काय? तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, क्रमांकात वर्गही दिसतो. दोन, पैसे कधी आणि कोणत्या अटींवर परत मिळतात? तीन, उसनवारी किती? चार, सगळी फी आणि कर जाऊन गेल्या पाच वर्षांत हातात काय आलं, आणि सर्वांत वाईट वर्ष कोणतं? पाच, चालवणाऱ्याचे स्वतःचे किती पैसे आत आहेत? आणि सहावा, फोनवरच्या माणसाला: यात तुम्हाला किती कमिशन आहे?

सहाही उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो कागद घरात दोघांनी मिळून वाचा. बऱ्याच घरांत गुंतवणूक एकट्याच्या मोबाइलमध्ये असते. खातं कुठे, नॉमिनी कोण, पासबुकं कुठल्या कपाटात, हे दोघांनाही माहीत असणं हे सर्वांत स्वस्त कुंपण आहे. दोघांपैकी एकालाही तो कागद समजावून सांगता आला नाही, तर ती गुंतवणूक अजून आपल्यासाठी नाही. बाजार उद्याही उघडणार आहे.

काळजी घ्या, हिशेब लिहून ठेवा. नमस्कार.